ग्राफिक्स कार्ड कंडम करण्याबाबत

आमच्या घरात कोणतीही वस्तू आपल्या मर्जीने बिघडू शकत नाही. ती बिघडली आहे हे आधी सिद्ध व्हावं लागतं.

याचं कारण माझे बाबा. दिवाकरराव. जबलपुरातल्या एका तोफांच्या कारखान्यात ते एकतीस वर्षं एक्झामिनर होते. दुसऱ्याने बनवलेल्या वस्तूत चूक शोधायची आणि तिच्यावर शेरा मारायचा, हे त्यांचं काम. सहा वर्षांपूर्वी ते रिटायर झाले तेव्हा कारखान्याने त्यांना शाल दिली, घड्याळ दिलं आणि घरी पाठवलं. घड्याळ त्यांनी त्याच संध्याकाळी उघडून तपासलं. दुसऱ्या दिवसापासून आम्हाला तपासायला घेतलं.

दीक्षितपुऱ्यात आमचं दोन मजली घर आहे. आई चार वर्षांपूर्वी गेली. आता वर बाबा, मी आणि बाबांची मोठी बहीण बेबीताई, म्हणजे माझी आत्या. खाली भाड्याने विष्णुपंत काका राहतात. ते त्याच कारखान्यात स्टोअरकीपर होते आणि अजूनही कोणी काही मागितलं की आधी नाही म्हणतात, मग काय हवं ते विचारतात. घरातली वस्तू बंद पडली की या तिघांचं बोर्ड बसतं, कारखान्यात बसायचं तसंच. बाबा अध्यक्ष. आपण कागदावर अर्ज द्यायचा, वस्तू टेबलावर ठेवायची, मग तिघं ती पाहतात आणि तीनपैकी एक शेरा मारतात: पास, दुरुस्ती किंवा कंडम. जुनी वस्तू कंडम झाल्याशिवाय नवी घरात येत नाही. सहा वर्षांत बोर्डाने एकच वस्तू कंडम केली आहे. तो टॉर्च होता, आणि तो शेजाऱ्यांचा होता.

शिवाय दर महिन्याच्या पहिल्या रविवारी बाबा पेचकस घेऊन घरभर फिरतात आणि जो स्क्रू ढिला दिसेल तो आवळतात. आमच्या कुकरचं हँडल हलत नाही, दाराची कडी वाजत नाही, आणि आत्याच्या चष्म्याच्या काड्या मिटत नाहीत. ती रात्री चष्मा काढून ठेवते तेव्हा तो टेबलावर उभा राहून आमच्याकडे पाहत असतो.

मी श्रीपाद. वय चोवीस. कॉम्प्युटरवर थ्री-डी फिल्म बनवतो, म्हणजे जे समोर नाही ते असल्यासारखं दाखवतो. बाबांच्या मते हे काम नव्हे, हा गुन्हा आहे. तर पुण्याच्या एका स्टुडिओने माझ्याकडून परीक्षा म्हणून दहा सेकंदांची फिल्म मागितली होती. मुदत पुढच्या सोमवारी संध्याकाळी पाचपर्यंत. आवडली तर नोकरी, पुण्यातच. मी भेडाघाट निवडला. दोन्हीकडे संगमरवराचे कडे, मधून नर्मदा, तिच्यात एक नाव आणि वल्हं मारणारा नावाडी. यात कलाबिला काही नव्हती. तिथे सगळं पांढरं आहे आणि पांढरं करायला सोपं असेल असा माझा अंदाज होता. चुकीचा होता.

मुदतीच्या बरोबर एक आठवडा आधी, सोमवारी सकाळी, नावाड्याच्या चेहऱ्यावर हिरवे ठिपके आले. दुपारपर्यंत ते कड्यांवर पसरले. संध्याकाळी नर्मदेतून गुलाबी रेघा वाहायला लागल्या आणि दहाव्या मिनिटाला स्क्रीन काळा झाला.

कॉम्प्युटरच्या आत चित्र काढायचं काम ग्राफिक्स कार्ड करतं. विटेएवढी वस्तू, खाली दोन पंखे. माझं जुनं होतं. माझ्याआधी दिल्लीत कोणाकडे तरी ते दोन वर्षं दिवसरात्र राबलं होतं, त्यामुळे थकलं असेल असं मला आधी वाटलं. मी सांगितलं तेव्हा बाबांनी पेपरातून डोकं वर न काढता विचारलं, "आजच काहून?"

प्रश्न साधा होता पण सूर साधा नव्हता. मागच्या उन्हाळ्यात कूलर मिळावा म्हणून मी छताचा पंखा बिघडल्याचा अर्ज दिला होता. बोर्डाने चौकशी केली आणि रेग्युलेटरची वायर माझ्या खिशात सापडली. तेव्हापासून या घरात माझी वस्तू बिघडली की वस्तूच्या आधी माझी तपासणी होते.

मंगळवारी मी जे जे करायचं असतं ते केलं. ड्रायव्हर, म्हणजे कार्डाला चालवणारं सॉफ्टवेअर, काढून पुन्हा टाकला. ठिपके तेवढेच. केबल बदलली. मॉनिटरच्या जागी आत्याचा टीव्ही लावला, तर त्यावरही नर्मदा गुलाबी. आत्याची सिरियल त्या दिवशी चुकली. तिने फक्त एवढंच विचारलं की नावाड्याला देवी आल्या आहेत काय.

बुधवारी कार्ड बाहेर काढून पाहायचं ठरवलं, आणि तिथे पहिला पुरावा मिळाला. माझ्या कॅबिनेटचे स्क्रू मुद्दाम बोटांनी उघडतील असे आहेत. ते बोटांनी उघडेनात. मी दोन्ही हात लावले, मग टॉवेल लावला, मग पक्कड. शेवटी पाय लावून उघडलं. म्हणजे माझ्या नकळत कोणीतरी कॅबिनेट उघडून पुन्हा बंद केलं होतं. आत मी कार्डाचं सोनेरी टोक खोडरबराने घासून पुन्हा बसवलं. ठिपके कमी झाले नाहीत, पण माझ्या मनातला संशय पक्का बसला.

संशयित तीन. आत्या रोज संध्याकाळी धूप घेऊन माझ्या खोलीत येते, पण जिच्या बोटांना स्वतःचा चष्मा मिटत नाही, ती हे स्क्रू कुठून आवळणार. विष्णुपंत काका स्वतःच्या घरचा बल्बसुद्धा मला बदलायला सांगतात. उरले बाबा. आणि बाबांकडे कारण होतं. मी पुण्याला गेलो तर घरात उरतील ते, आत्या आणि घट्ट आवळलेले स्क्रू. पुण्याचा विषय निघाला की ते ऐकून घेत, मग तिथल्या पाण्याला चव नाही असं सांगत. पुण्याला ते कधी गेलेले नाहीत.

मी सापळा लावला. बुधवारी दुपारी कॅबिनेटच्या दारावर आत्याची पावडर शिंपडली, म्हणजे हात लावणाऱ्याचे ठसे उमटतील. पोलीस असंच काहीतरी करतात. आणि कॉम्प्युटर चालू ठेवून खाली काकांकडे चहाला गेलो. पोलीस हे करत नाहीत, कारण त्यांच्या पुराव्याला पंखे नसतात. परत आलो तेव्हा दारावर ना ठसे होते ना पावडर. सगळी पावडर आत ओढली गेली होती. कार्ड एक्याण्णव डिग्रीवर तापलं होतं आणि खोलीला लग्नघराचा वास येत होता.

गुरुवारी कार्ड टॉवेलात गुंडाळून सिव्हिक सेंटरजवळच्या गुणवंत भैयांच्या दुकानात नेलं. त्यांनी ते स्वतःच्या मशीनला लावलं. तिथेही ठिपके. म्हणजे बाकी सगळे निर्दोष, कार्डच दोषी. मग त्यांनी पंख्यांचा भाग सोडवायला पेचकस लावला आणि थांबले. दुसरा पेचकस घेतला. त्यानंतर मला म्हणाले, "भैया, ये किसने कसा है? ट्रक मिस्तरी ने?"

कार्डावर चार छोटे स्प्रिंगवाले स्क्रू असतात. ते फक्त टेकवायचे असतात. माझे चारही इतके आवळलेले होते की कार्डाची हिरवी पट्टी पापडासारखी वाकली होती, आणि वाकल्यामुळे तिच्यावरच्या मेमरीच्या चिपांचे सोल्डरचे टाके उचकटायला लागले होते. टाके तुटत आले की आधी ठिपके, मग रेघा, मग काळोख. गुणवंत भैयांनी स्क्रू ढिले केले, पावडर झटकली, त्याबद्दल काही विचारलं नाही. नवीन पेस्ट लावून कार्ड पुन्हा बसवलं. ठिपके निम्म्यावर आले. ते म्हणाले, मेमरीचा वेग कमी करून चालवा, सावकाश चालेल, किती दिवस ते विचारू नका. रात्रभर मात्र चालवू नका, तापलं की संपलं.

मी घरी येईपर्यंत माझ्या डोक्यात खटला उभा राहिला होता. चार स्क्रू, एकच हात, कारण पुणे.

शुक्रवारी सकाळी मी अर्ज दिला आणि बोर्ड बसलं. टेबलावर कार्ड. विष्णुपंत काकांनी ते हातात घेऊन वजन पाहिलं, कारण स्टोअरमध्ये ते सगळ्याचं आधी वजनच पाहायचे. आत्याने उलटं धरून वास घेतला आणि ही आपली पावडर आहे असं जाहीर केलं. झालं. बाबांनी भिंग काढलं, पंख्याच्या पात्यावरचं पांढरं बोटावर घेतलं आणि माझ्याकडे पाहिलं. जुना पंखा, जुनी वायर, तेच डोळे. स्वतःच्या वस्तूत स्वतः पावडर भरणाऱ्या माणसाला बोर्डाने काय समजावं, असं त्यांनी अतिशय शांतपणे विचारलं.

मी सापळ्याचं सांगितलं. ते कोणाला पटलं नाही. मलाही सांगताना नीट पटलं नाही. मग मी स्क्रूंचं काढलं.

बाबा लपवतील असं वाटलं होतं. त्यांनी काही लपवलं नाही. उलट त्यांना बरं वाटलं. गेल्या रविवारी म्हणजे पहिल्या रविवारी, मी झोपलेलो असताना, त्यांनी कॅबिनेट उघडून आतलं सगळं तपासलं होतं. "ते चार स्क्रू ढिले होते," ते म्हणाले. "हात लावला तर हलून राहिले होते. असा माल मी पास केला असता तर?"

मी सांगितलं की ते हलण्यासाठीच असतात. बाबांनी एकतीस वर्षांत हलण्यासाठी असलेला स्क्रू पाहिला नव्हता. त्यांनी विष्णुपंतांकडे पाहिलं. विष्णुपंतांनीही पाहिला नव्हता. मग बाबांनी कार्ड पुन्हा उचललं, डोळ्यांसमोर आडवं धरलं आणि पट्टीचा वाक पाहिला. बराच वेळ पाहिला. कार्ड खाली ठेवताना त्यांनी ते टेबलावर टेकवलं नाही, टॉवेलावर ठेवलं.

आणि मग त्यांनी जे केलं त्याने मी खरा हादरलो. ते म्हणाले, माझ्या हातून बिघडलं, मी भरून देतो. जुनं कंडम. नवीन घेऊ, सगळ्यात चांगलं, पैशाचं पाहू नको.

सहा वर्षांत टॉर्च सोडून काही कंडम न करणारा माणूस. आमच्या मिक्सरला दोरी बांधलेली आहे. तो माणूस स्वतःहून नवीन घेऊ म्हणतो, आणि तेही सगळ्यात चांगलं. आत्याने त्यांच्या कपाळाला हात लावून पाहिला. मी पाच मिनिटं खुश होतो. सहाव्या मिनिटाला संशय आला, कारण बाबा खाली जाऊन फोनवर बोलून आले आणि म्हणाले, गुणवंतला सांगितलं, पुढच्या शुक्रवारी येईल.

मुदत सोमवारी होती.

मी गच्चीवर जाऊन गुणवंत भैयांना फोन लावला आणि कार्ड लवकर येईल का विचारलं. ते म्हणाले, आज का आज है अपने पास, दो पीस रखे हैं, पर अंकल ने खास बोला ना कि जल्दी वाला नहीं चाहिए. मी विचारलं, जल्दी वाला नहीं चाहिए असं म्हणाले? ते म्हणाले, हाँ, पूछ रहे थे इससे देर में कौन सा आता है.

मी खाली आलो. बोर्ड अजून उठलं नव्हतं, कारण आत्या पोहे करत होती. मी सगळ्यांसमोर काही काढलं नाही. फक्त म्हणालो की मला नवीन नको. जुनंच चालवतो, सावकाश चालवतो. बाबा म्हणाले की नवीन समोर ठेवलं असताना जुनं मागणारा माणूस त्यांनी पाहिला नाही. आणि माझ्याकडे अशा नजरेने पाहिलं की यात माझा काहीतरी डाव असला पाहिजे. त्या क्षणी या घरात दोन माणसं एकमेकांवर सारखाच संशय घेऊन राहिली होती, आणि पोहे तयार होते.

अध्यक्ष म्हणून बाबांनी मतं मागितली. त्यांचं स्वतःचं मत कंडम. आत्या म्हणाली दुरुस्ती. पोराला जुनं हवं तर जुनं दे, नवीनचे लाड तुला कधीपासून. विष्णुपंत काकांनी आजवर बाबांच्या विरुद्ध एकदाही मत दिलं नव्हतं. पण ते स्टोअरकीपर होते. जुना नग हातात असताना नवीन नग काढून देणं त्यांना शरीराने झेपत नव्हतं. त्यांनी कार्डाकडे पाहिलं, बाबांकडे पाहिलं, पोह्यांकडे पाहिलं आणि पडलेल्या आवाजात दुरुस्ती म्हणाले.

बाबा हरले. बोर्डात हरलेला अध्यक्ष काय करतो हे मला माहीत नव्हतं. तो निकाल अमलात आणतो. बाबांनी कागदावर 'दुरुस्ती' लिहिलं, खाली सही केली आणि कार्ड घेऊन मागच्या खोलीत गेले, जिथे त्यांचा लोखंड पकडायचा वाइस आणि घासायच्या कानशी आहेत. संध्याकाळपर्यंत कानशीचा आवाज येत राहिला. बाहेर आले तेव्हा त्यांच्या हातात बोटभर पितळी खांब होता, त्याच्या डोक्यावर बारीक स्क्रू. कार्डाच्या वाकलेल्या कोपऱ्याखाली तो उभा केला, कॉम्प्युटर चालू केला, आणि स्क्रू केसाएवढा केसाएवढा फिरवत नेला. ठिपके दोनशे असतील, शंभर झाले, वीस झाले. मग एकही राहिला नाही. नावाडी लख्ख झाला. बाबा म्हणाले की कार्ड तापेल तशी पट्टी फुगेल, आणि तेव्हा स्क्रू थोडा थोडा सोडावा लागेल. म्हणजे कोणीतरी तिथे बसून राहावं लागेल. आणि स्क्रूवरचा हात माझा नसणार, हे सांगायची गरज नव्हती.

आता हिशेब असा. फिल्म दहा सेकंदांची, चित्रं दोनशे चाळीस. कमी वेगात एका चित्राला सहा मिनिटं. एकूण चोवीस तास. रात्री चालवायचं नव्हतं, म्हणून बाबांनी शिफ्ट लावली. सकाळी सात ते साडेतीन, मधे साडेअकरा ते बारा जेवणाची सुट्टी, कार्डालाही. शनिवार, रविवार, सोमवार मिळून बरोबर दोनशे चाळीस. सोमवारी साडेतीनला संपणार, पाचला मुदत. त्यात दोन तास वीज गेली तर मी जबलपूरचा. ही सुट्टी कार्डासाठी होती की मला उशीर व्हावा म्हणून, हे मी त्यांना विचारलं नाही. मीही समोर खुर्ची टाकून बसलो.

शनिवारभर आम्ही दोघं कॅबिनेटच्या दोन बाजूंना बसलो. बाबांच्या हातात पेचकस, माझी नजर पेचकसावर. दर वीस मिनिटांनी ते वाकत, स्क्रू किंचित सोडत, आणि मी वाकून पाहत असे की सोडतात की आवळतात. अर्धा फेरा उलटा गेला असता तर टाके सुटले असते आणि विषयही. ते आवळत नव्हते. शनिवारी ऐंशी चित्रं झाली. आत्या मधेमधे येऊन दोघांना चहा देऊन जात होती. ती म्हणाली की हे कॉम्प्युटरचं काम कमी आणि पितर जेवायला घातल्यासारखं जास्त दिसतंय, दोघं समोरासमोर आणि मधे ताट.

रविवारी दुपारी मला पनागरला जावं लागलं. आत्याच्या नणंदेकडून भाजीचं पोतं आणायचं होतं, आणि आत्याने ते आजच हवं असं ठरवलं होतं. मी टाळून पाहिलं. आत्या म्हणाली, "जा. तो तुझा बाप आहे, चोर नाही." मी स्कूटर काढली. पूर्ण रस्ताभर डोळ्यांसमोर तो पेचकस होता. आलो तेव्हा एकशे साठ चित्रं पूर्ण झाली होती, बाबा तिथेच बसले होते आणि स्क्रीनकडे पाहत होते. बोलत नव्हते. संध्याकाळी जेवतानाही बोलले नाहीत, पुण्याच्या पाण्याबद्दलसुद्धा नाही. मला वाटलं थकले.

सोमवारी साडेतीनला दोनशे चाळिसावं चित्र झालं. कार्डाचे पंखे मंदावले. मी सगळी चित्रं जोडून दहा सेकंदांची फिल्म केली, एकदा चालवून पाहिली. नाव आली, नाव गेली. छान होती. मी पाठवायचं पान उघडलं.

बाबा खुर्चीतून उठले नव्हते. ते म्हणाले, "एकशे एकतीस ते एकशे बेचाळीस पाहा."

मी विचारलं काय आहे. ते म्हणाले, वल्हं नावेतून जाऊन राहिलं आहे.

मी पाहिलं नाही. आधी घड्याळ पाहिलं. तीन छत्तीस. बारा चित्रं पुन्हा करायची तर बहात्तर मिनिटं. पाचच्या आत जेमतेम. आणि यात काही बिनसलं, वीज गेली, कार्ड गेलं, तर पाठवायला हातात हीच फिल्म उरेल आणि वेळ निघून गेलेला असेल. मला वाटलं, हा शेवटचा डाव. कंडम जमलं नाही, उशिराचं नवीन कार्ड जमलं नाही, आता चूक काढून थांबवतात. एकतीस वर्षं हेच केलंय. चूक नसलेली वस्तू त्यांनी पाहिलीच नसेल.

पण मी एकशे एकतिसावं उघडलं. वल्ह्याचं टोक नावेच्या लाकडातून आरपार गेलं होतं. बारा चित्रं, म्हणजे अर्धा सेकंद. नावेला भोक, भोकातून वल्हं, आणि नावाडी जणू काही झालंच नाही असा. ज्याला दाखवलं नाही त्याला दिसणार नाही. पण स्टुडिओत बसलेल्या माणसाला दिसलं असतं, त्याला पगारच त्याचा आहे. पहिल्याच फेरीत परत पाठवलं असतं.

ही चित्रं रविवारी झाली होती. मी पनागरला असताना. प्रत्येक चित्र सहा मिनिटं स्क्रीनवर थांबलं होतं, आणि समोर बाबा बसले होते.

"तुम्ही हे काल पाहिलं," मी म्हणालो.

"हो."

"काल काहून नाही सांगितलं?"

बाबांनी पेचकस पुसला. आधीच स्वच्छ होता.

"काल सांगणार नव्हतो," ते म्हणाले.

मग म्हणाले की स्क्रू त्यांनी आवळले ते आवळायचे म्हणूनच आवळले, त्यात काही नव्हतं. नवीन कार्डाचं तसं नव्हतं. आणि वल्ह्याचंही नव्हतं. कालपासून विचार करत होते की बोललो नाही तर कोणाला कळणार. कोणालाच नाही. पण चुकीचा माल हातातून जाऊ दिला असं आयुष्यात झालं नाही, आणि आता या वयात पहिल्यांदा करायचं, तेही घरच्या मालात. एवढं बोलून ते कॅबिनेटकडे वाकले आणि म्हणाले, चल, लाव, वेळ जाऊन राहिला.

वल्हं मी चार मिनिटांत वर उचललं. तीन चव्वेचाळीसला पहिलं चित्र सुरू झालं. त्या सव्वा तासात मी पेचकसाकडे पाहिलं नाही, असं मला लिहायला आवडलं असतं. पाहिलं. दोनदा. दोन्ही वेळा बाबांनी माझं पाहणं पाहिलं आणि ते पुन्हा स्क्रूकडे वळले. नव्या चित्रांत पहिल्या नऊला काही झालं नाही. दहाव्याला कोपऱ्यात एक हिरवा ठिपका आला, बाबांनी स्क्रू जेमतेम फिरवला, तो गेला. चार छप्पनला बारावं झालं. फिल्म जोडून पाठवली तेव्हा चार अठ्ठावन्न झाले होते. पाठवायचं बटण मी दाबलं. बाबांनी पुढची वीस मिनिटं खांबाच्या स्क्रूवरचा हात काढला नाही, कारण गरम वस्तूला एकदम सोडत नाहीत.

मंगळवारी कार्ड चालू केलं तर काहीच दिसलं नाही. ना ठिपके, ना रेघा. पूर्ण काळं. बोर्ड बसलं आणि तिघांनी एकमताने कंडम केलं. नवीन घ्यायचं की नाही हा विषय पुढे ढकलण्यात आला, कारण ते कोणासाठी घ्यायचं हे अजून ठरलं नव्हतं.

गुरुवारी स्टुडिओची मेल आली. फिल्म आवडली होती. पुढच्या महिन्याच्या पंधरा तारखेला, सोमवारी, हजर व्हावे. आत्याने देवापुढे साखर ठेवली, विष्णुपंत काका म्हणाले नाही नाही, मग विचारलं काय झालं. मी बाबांना मोबाईल दिला. त्यांनी चष्मा लावला आणि मेल वाचली. परत वाचली. तिसऱ्यांदा वाचताना बोट एका जागी थांबलं, आणि मला इतक्या दिवसांत पहिल्यांदा त्यांचा चेहरा जरा सैल झालेला दिसला. त्यांनी भिंतीवरचं कॅलेंडर काढून आणलं.

"पंधरा तारखेला मंगळवार आहे," ते म्हणाले. "ज्या लोकांना वार कळत नाही, त्यांच्याकडे जायचं का? पहिले विचारून घे."

मी फोन केला. पलीकडच्या मुलीने सॉरी म्हटलं आणि अर्ध्या तासात दुसरी मेल पाठवली. चौदा तारीख, सोमवार. मी मोबाईल पुन्हा बाबांकडे दिला. त्यांनी ती मेल खिडकीपाशी नेऊन उजेडात वाचली. वरून खाली वाचली, मग खालून वर. तारीख, वार, वेळ, पत्ता, माझ्या नावातला श्री. आत्या जेवायला बोलवत होती, पण ते उठले नाहीत.

तिच्यात चूक नव्हती. त्यांनी बराच वेळ शोधली.